आजोबांच्या नावातला ळ

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. मधल्या काळात नांदेड-लातूरच्या चार चकरा झाल्या. लग्नकार्यासाठी नाही, एका कागदासाठी. नातेवाइकांना ही कथा फोनवर तुकड्यातुकड्यांनी ऐकून पाठ झाली असेल, पण धाकट्या मावशीचा आग्रह होता की हे एकदा सलग लिहून ठेव, म्हणजे पुढच्यांना परत डोकं फोडावं लागणार नाही. शिवाय मी ज्या कामावर पोट भरतो त्या कामाचा आणि या कागदाचा संबंध निघाला, तोही सांगायचा आहे.

तर झालं असं. उदगीर तालुक्यातल्या माझ्या मामांची नात लातूरला राहून नीटची तयारी करत होती. लातूरला दरवर्षी बाहेरगावची किती लेकरं याच कामासाठी खोल्या घेऊन राहतात ते तुम्हाला माहीत आहेच. मार्क चांगले पडतील अशी खात्री होती, आणि तेव्हाच घरात लक्षात आलं की जात पडताळणीचा कागद नाही. आमची जात आधीपासूनच ओबीसीत आहे. पण घरात याआधी कुणी पडताळणीच्या वाटेला गेलेलं नव्हतं, त्यामुळे दाखवायला जुनं काही नाही. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे पोरीच्या पणजोबांपर्यंत, माझ्या आजोबांपर्यंत जायचं. आजोबा चार वर्षं शाळेत गेले होते हे सगळ्यांना ठाऊक. त्या शाळेच्या प्रवेश निर्गम रजिस्टरात त्यांचं नाव असणार, जातीसकट असणार. काढायचं आणि जोडायचं, इतकंच. मामांना वाटलं आठ दिवसांचं काम. सात महिने लागले.

आम्ही नेमके सगळ्यात गर्दीच्या काळात सापडलो होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण त्या शोधामुळे एक गोष्ट घडली जी मराठवाड्यात त्याआधी कधीच घडली नव्हती. शेकडो गावांतली साधी माणसं एकाच वेळी जुन्या दफ्तरांच्या दारात येऊन उभी राहिली. एरवी दफ्तरखान्यात दोनच जातीची माणसं जातात, संशोधक आणि जमिनीचे भांडणारे. आता सगळेच आले. मोडी वाचणाऱ्यांना आणि जुनं उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. रजिस्टरं स्कॅन झाली, याद्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. वर्षानुवर्षं बासनात असलेला कागद पहिल्यांदाच उजेडात आला, हे चांगलंच झालं.

पण उजेडात आलेला कागद सापडतोच असं नाही.

माझं काम काय ते घरच्यांना नीट सांगता येत नाही. मामा लोकांना सांगतात, "भाचा कंप्युटरवर बटनं कुठं ठिवायची ते सांगतो." तितकंही चूक नाही. याला आमच्यात युजर एक्सपिरियन्स म्हणतात. हा शब्द चालता केला डॉन नॉर्मन यांनी, १९९३ च्या सुमारास ॲपलमध्ये असताना. त्यातली मूळ गोष्ट मात्र साधी आहे. वस्तू बनवणाऱ्यानं आपल्या डोक्यातला क्रम वापरणाऱ्यावर लादायचा नाही. आधी जाऊन बसायचं, माणूस काय मनात घेऊन येतो, कुठे अडतो, कुठून परत फिरतो ते गुपचूप बघायचं, आणि मग हात घालायचा. रंगनाथन यांनी ग्रंथालयांसाठी हेच १९३१ सालीच सांगून ठेवलं होतं, की वाचकाचा वेळ वाचवा. आम्ही त्याला इंग्रजी नावं दिली आणि पगार वाढवून घेतला.

दुसऱ्या चकरेत मी तेच केलं. मामांबरोबर एका कार्यालयाच्या बाकड्यावर दिवसभर बसलो आणि येणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य काय बोलतो ते वहीत लिहीत गेलो. जवळपास प्रत्येकाचं वाक्य एकाच साच्यातलं. गावाचं नाव, आजोबा-पणजोबांचं नाव, आणि "अमुक तारखेच्या आत पाहिजे". आणि खिडकीतून येणारा प्रश्नही एकच, "कोणतं रजिस्टर? कोणतं साल? नंबर काय?" माणूस ‘कोण’ घेऊन येतो आणि दफ्तर ‘कोणतं’ विचारतं. कारकून काही उर्मट नव्हता, उलट दुपारी त्यानं मामांना चहा पाजला. त्याच्यापुढचं कपाटच तसं लावलेलं होतं, तो तरी काय करणार.

कपाट तसं का लावलेलं असतं याला कारण आहे. दफ्तर ज्या कचेरीत जन्मलं त्या कचेरीच्या क्रमानंच ते ठेवायचं, त्याची मिसळ करायची नाही, हा नियम फ्रान्सच्या अभिलेखागारांनी १८४१ मध्ये लिहून काढला आणि पुढे जगभर गेला. नियम चांगला आहे. कागदाची जागा मोडली की त्याचा अर्थही मोडतो, हे मलाही पटतं. अडचण इतकीच की जुन्या कचेरीचा नकाशा आज कुणाच्या डोक्यात नाही. आणि मराठवाड्यात तो नकाशा इतक्या वेळा बदललाय की विचारू नका.

मामांचंच बघा. उदगीर आज लातूर जिल्ह्यात. पण लातूर जिल्हाच मुळी १९८२ चा. त्याआधी उदगीर उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये. आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेआधी उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. मामा लातूरला गेले, तिथून धाराशिवचा पत्ता मिळाला, तिथे कुणीतरी सांगितलं की छप्पन्नच्या आधीचं असेल तर बीदर बघा. बीदर आता कर्नाटकात. आमच्या नांदेडकडची गंमत वेगळी. नांदेड जिल्ह्याचं निजामकाळातलं दफ्तर उघडलं तर त्यात मुधोळ, भैसा, बिचकुंदा, जुक्कल भेटतात, जे छप्पन्नमध्ये आंध्रात गेले आणि आता तेलंगणात आहेत. किनवट मात्र त्यात भेटत नाही, कारण किनवट तेव्हा आदिलाबादेत. शिवाय गाव खालसा होतं, की सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाच्या खाजगीतलं, की कुणा जहागीरदाराचं, यावरही कागद कुठल्या कचेरीत जन्मला ते ठरायचं. जहागिरी १९४९ मध्ये गेल्या, त्यांचे कागद मात्र आपापल्या वाटेनं गेले.

सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे. जन्म १९१०. आज कुणी ‘लातूर जिल्ह्याचे सुपुत्र’ म्हणून भाषण ठोकतो, पण ते जन्मले तेव्हा लातूर जिल्हा नव्हता आणि निलंगा बीदरमध्ये होतं. हैदराबाद संस्थानच्या मुलकी नोकरीत गेले, आदिलाबादकडे असताना गोंडी शिकले, उर्दू-फारसी तर पक्कंच होतं. मोगल दरबारची बातमीपत्रं आणि इतर फारसी साधनं त्यांनी मराठीत आणली, आणि फारसी न येणाऱ्या मराठी वाचकाला औरंगजेबाच्या छावणीत काय चाललं होतं ते थेट वाचता आलं. पगडींना आपण इतिहासकार म्हणतो, बरोबरच आहे. त्या बाकड्यावर बसून मला मात्र ते दरवाजा उघडून धरणारे गृहस्थ वाटत होते. कागद आधीपासून होतेच. आत जायची वाट त्यांनी केली.

आणि वाट माणसांतूनच जायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. निजामाच्या राज्यात महसुलाची दोन मोठी दफ्तरं होती, दफ्तर-ए-दिवाणी आणि दफ्तर-ए-माल. पहिल्याकडे राज्याचा पश्चिमेचा मराठी मुलूख, दुसऱ्याकडे तेलुगू मुलूख. दिवाणी दफ्तर रायरायान घराण्याकडे, मूळचे देशस्थ ब्राह्मण. माल दफ्तर कायस्थ मालवाला घराण्याकडे. दोन्ही वंशपरंपरागत. कागद जवळजवळ घरचेच. त्यामुळे ‘सूची’ म्हणजे त्या घरातल्या कारकुनाची आठवण. कुठल्या रुमालात काय आहे ते त्याला ठाऊक, बाकी कुणाला नाही, आणि ठाऊक नसण्यातच त्या घराण्याची ताकद. पहिला सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाला, त्यानं हळूहळू ही ताकद मोडली, १८६५ मध्ये जिलाबंदी आणली, म्हणजे आजच्यासारखे जिल्हे-तालुके आणि त्यांचे पगारी अधिकारी. १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू आली. राज्य आधुनिक झालं. कागद सरकारचे झाले, आठवण मात्र घराण्यांबरोबर गेली. त्या आठवणीच्या जागी साध्या माणसाला वाचता येईल असं काही बसवायचं राहून गेलं, ते बऱ्याच ठिकाणी अजून राहिलेलंच आहे.

याच्या अगदी उलट नमुना बघायचा असेल तर त्र्यंबकेश्वरला जा. आमच्या घरचे गेले की उपाध्याय फक्त गाव आणि आडनाव विचारतात. आतून वही येते, पाच-दहा मिनिटांत पणजोबांची सही समोर. कुठलं साल, कुठला नंबर, काही नाही. कारण त्या वह्या लावल्याच आहेत गाव आणि कुळ धरून, येणारा माणूस जे तोंडानं सांगू शकतो त्या क्रमानं. आणि प्रत्येक येणारा स्वतःची भर घालून जातो, त्यामुळे वही आपोआप पुढे चालते. कर्नाटकाच्या सीमेकडे हेळवी येतात, बैलावर चोपड्या घेऊन घराण्याच्या पिढ्या वाचणारे, त्यांचंही तसंच. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे दाखवायला न्यायला हवं. (यात दक्षिणेचा भाग असतो हे खरं, पण पैसे देऊन वापरायचं ॲप आम्हीही बनवतोच की.)

एक परदेशातलं उदाहरणही सांगून टाकतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९१८-१९ मध्ये रशियाच्या उत्तरेला लढायला गेलेल्या सैनिकांची पत्रं, रोजनिशा होत्या. २००५-०६ च्या सुमारास तिथल्या लोकांनी ती ऑनलाइन टाकताना वाचणाऱ्यांना खाली लिहायची सोय दिली. सैनिकांच्या नातवंडांनी नावं दुरुस्त केली, फोटोतली माणसं ओळखली. म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या वहीचाच प्रकार, इंटरनेटवर. आपल्याकडेही हे व्हावं असं मला फार वाटतं, पण आपल्या याद्यांवर दाखल्यांचं भवितव्य टांगलेलं आहे, तिथे कुणीही येऊन दुरुस्ती सुचवली तर काय होईल याची कल्पना करा. दुरुस्ती वेगळ्या रकान्यात, मूळ नोंदीला धक्का न लावता, असं काहीतरी करावं लागेल. असो.

संध्याकाळी मामांच्या ओसरीवर दुसरा एक प्रयोग केला. जुन्या पत्त्यांच्या कॅटच्या मागे कागद चिकटवून त्यावर एकेक नाव लिहिलं. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, फेरफार, सेतवार, मुंतखब, कोतवाल बुक, प्रवेश निर्गम वगैरे. आणि मामांना, शेजारच्या दोघांना आणि मामींना सांगितलं, तुम्हाला वाटतील तसे गठ्ठे लावा. खातं, साल, भाषा यांचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. गठ्ठे झाले ते असे – "जिमिनीचे", "लेकराबाळांचे" आणि "भांडणाचे". खासरा पत्रक, म्हणजे १९५४-५५ चं जमिनीचं मूळ कागद, मामांनी जमिनीत टाकलं, मामींनी उचलून भांडणात ठेवलं. दोघंही बरोबर. मुंतखबचं काय करायचं ते कुणालाच कळेना. तो पत्ता शेवटी पानदानाखाली गेला. तिथं मला कळलं की शोधायच्या पानावर पहिला प्रश्न ‘अभिलेखाचा प्रकार निवडा’ असा असतो तेव्हा तो किती लोकांना दारातच परत पाठवतो. जमिनीच्या कागदांचं तर त्याहून अवघड. तुम्ही सर्व्हे नंबर घालायचा, पण एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झालेले, आजच्या माणसाला पाठ असतो गट, जुन्या कागदावर सर्व्हे.

‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द तर त्या दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी होता, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानंतर पुन्हा आला. बाकड्यावरच्या कितीतरी जणांना वाटत होतं की त्या गॅझेटात आपल्या पणजोबांचं नाव छापलेलं आहे. त्यात लोकसंख्येचे आकडे आहेत, कुठल्या भागात कुठल्या जातीचे किती लोक, माणसांची नावं नाहीत. हे एका पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दारात लावलं असतं तर किती म्हाताऱ्यांचे एसटीचे पैसे वाचले असते.

आता आजोबांकडे येतो. नाव इथे देत नाही, घरच्यांना माहीतच आहे. एवढंच सांगतो की त्यांच्या नावात एक ळ आहे आणि वडिलांच्या नावात एक ण. शाळा उर्दू. रजिस्टर उर्दू. उर्दूत ळ नाही, ण नाही. ळ चा लाम होतो, ण चा नून. ऱ्हस्व स्वर बहुतेक लिहीतच नाहीत. आडनाव लिहायची पद्धत नाही, ‘अमुक वल्द तमुक’, संपलं. आता हे रजिस्टर वाचून त्याची मराठी यादी करणारा माणूस दिसेल तसं उतरवणार. समजा मूळ माणूस बाळू वल्द काळोजी, तर यादीत येणार ‘बालू वल्द कालोजी’. आणि नातू संगणकात टाइप करणार ‘बाळू’, वर आडनावही घालणार. संगणक सांगणार, नोंद आढळली नाही. संगणकावर बसलेला पोरगाही प्रामाणिकपणे तेच सांगणार. नोंद तिथेच, दोन ओळी खाली.

ळ चा ल करून शोधल्यावर एक नाव निघालं होतं. पण त्या ओळीपुढे यादीत साल होतं १९२८. मामांनी ती ओळ पहिल्याच महिन्यात बघितली होती आणि सोडून दिली होती.

"हे आपले न्हाईत. अठ्ठावीसला बाप जन्मला बी नव्हता," मामा म्हणाले. आजोबा एकतीसचे.

मी घरी नांदेडला परतलो आणि रात्री जेवताना ते साल डोक्यात घोळत राहिलं. बाबांना सहज विचारलं, तुमच्या वडिलांच्या कागदांवर साल कसं असायचं? बाबा म्हणाले, "फसली. आपल्याकडं सगळं फसली."

हैदराबाद संस्थानात सरकारी व्यवहार फसली सनात चालायचा. साल सुरू व्हायचं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, अजूर महिन्यापासून. मग दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर आणि आबान. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन, आणि जानेवारीपासून पुढे, म्हणजे साधारण इस्फंदारपासून, ५९१. वकील मंडळींना हे ठाऊक असतं, कारण हैदराबादचा जमीन महसूल कायदाच मुळी १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८. पण त्याच काळात हिजरी सनही चालायचा. आणि आकडे दोन्हीचे तेराशेच्या घरातले, दिसायला जुळे भाऊ. १३४७ हिजरी म्हणजे १९२८-२९. १३४७ फसली म्हणजे १९३७-३८. नऊ वर्षांचा फरक!

फोन लावला. मामा झोपले होते. सकाळी परत लावला. "मामा, ती अठ्ठावीसची ओळ परत बघायची. मूळ पान बघायचं, यादी नाही."

मूळ पान बघायला अर्ज, मग वाट, मग परत वाट. तेवढ्या वेळात मी एक कागद तयार केला, दोन्ही बाजूंनी छापलेला. एका बाजूला फसलीचा तक्ता, महिन्यांच्या नावांसकट. दुसऱ्या बाजूला वर उदगीर, अहमदपूर, निलंगा, देगलूर, किनवट असे तालुके आणि छप्पन्नच्या आधी ते कुठल्या जिल्ह्यात होते ते. खाली, ळ ला ल, ण ला न, आडनाव गाळून शोधा. बस्स. पहिला मसुदा घेऊन पाच जणांना दिला आणि काही न बोलता त्यांच्याकडे बघत बसलो (पाच माणसांत बहुतेक चुका कळतात असं आमच्या धंद्यात जेकब नील्सननी २००० सालीच सांगितलंय). पहिल्याच आजोबांनी कागद उलटा धरला. अक्षर बारीक होतं. दुसऱ्या बाईंनी विचारलं, ५९० कशात मिळवायचे? मग बेरीज काढून टाकली आणि सरळ सालापुढे साल लिहून दिलं, १३३० पासून १३५७ पर्यंत, १३५७ म्हणजे १९४७-४८, संस्थानाचं शेवटचं फसली साल. तो कागद कार्यालयातल्या त्या चहावाल्या कारकुनानं स्वतःहून भिंतीला चिकटवला. अजून असेल कदाचित.

या सगळ्यात मामा एकदा चिडून म्हणाले, "लई हुडकलाव. नसंल तर नसंल. माती झाली आसंल त्याची." त्यांच्या सासुरवाडीचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, जवळपास आठ हजार माणसं गेली, बावन्न गावं दुसऱ्या जागी नव्यानं वसवली. माणसं गेली त्याचं दुःख इतकं मोठं होतं की घरांबरोबर काय काय कागद गाडले गेले हे त्या वेळी कुणी विचारण्यासारखंही नव्हतं. पत्र्याच्या ट्रंका होत्या, त्यात खरेदीखतं, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले. मामी सांगतात, त्यांच्या भावाला पुढे वीस वर्षं प्रत्येक कामाला "कागद ढिगाऱ्यात गेले" हेच उत्तर द्यावं लागलं. ज्यांच्या घरची प्रत गेली त्यांच्यासाठी कचेरीतली प्रत हीच एक उरलेली. ती कपाटात सुखरूप आहे पण सापडत नाही, याला सुखरूप म्हणायचं का, मला प्रश्न पडतो.

मूळ पान बघायला मिळालं तेव्हा उर्दू वाचायला गावातले एक निवृत्त शिक्षक बरोबर आले. ऐंशीच्या पुढचे. चष्मा वर करून त्यांनी डोळे कागदाच्या अगदी जवळ नेले, बोट ओळीखालून सरकवत एकेक रकाना वाचला. नाव. वल्द. जात. वय सात. दाखल झाल्याची तारीख, आणि तिथे थांबून हसले. "अमरदाद लिहिलंय. अमरदाद हिजरीत कुठून येईल? फसली आहे हे." अमरदाद १३४७, म्हणजे जून १९३८. आजोबा सात वर्षांचे. जातीचा रकाना भरलेला होता, स्वच्छ.

महिन्याचं नाव पानावर पहिल्यापासून होतं. यादी करताना फक्त सालाला रकाना ठेवला होता, महिन्याला नव्हता. म्हणून महिना गळला, आणि महिन्याबरोबर आजोबा.

साक्षांकित प्रत निघाली, सरांच्या भाषांतरासह जोडली, पडताळणीचं काम मार्गी लागलं. पोरगी आता एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि ही पोस्ट वाचून ‘माझं नाव का नाही घातलं’ म्हणून फोन करणार आहे. तक्त्याचा कागद ज्यांना हवा त्यांनी मला कळवा, पाठवतो. देगलूर-मुखेडकडच्या कुणाकडे जुनी रजिस्टरं वाचल्याचा अनुभव असेल तर तोही लिहा. जहागिरीच्या गावांचं मला अजून नीट उमगलेलं नाही.

त्या दिवशी पान परत बांधायच्या आधी मामांनी विचारलं, जरा हात लावू का? कारकून हो म्हणाला. मामांना उर्दू येत नाही. सरांनी त्यांचं बोट धरून आजोबांच्या नावावर ठेवलं, उजवीकडून डावीकडे फिरवलं. मामा बराच वेळ बघत राहिले.

"यात ळ कोणता?"

"ळ नाही मामा यात," सर म्हणाले. "हा लाम आहे. वाचणारानं ळ म्हणायचं."